जुनी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे, बजेट २५ हजार. सल्ला हवा

गोदाकाठ

मंडळी, कॉलेजात असताना अकूस्टिक गिटार वाजवायचो. मग नोकरी, लग्न, होम लोन आणि गिटार माळ्यावर. आता हात परत शिवशिवायला लागलेत आणि या खेपेला इलेक्ट्रिकच घ्यायची असं ठरवलंय. घरून २५ हजार मंजूर झालेत, त्यात काय ते सगळं बसवायचं. जुन्या वस्तूंच्या साइटवर तीन सापडल्या आहेत:

१) स्क्वायर ॲफिनिटी स्ट्रॅट. इथेच नाशकात, १५ हजार. मालक इंजिनिअरिंगचा मुलगा, फायनल इयर संपलं म्हणून विकतोय.
२) यामाहा पॅसिफिका ११२व्ही. ठाण्यात, १९ हजार.
३) गिब्सन लेस पॉल. नागपूर, २८ हजार. बजेटच्या बाहेर आहे, पण गिब्सन! मालक म्हणतो कुरियरने पाठवतो.

वाजवायचंय जुनं हिंदी, थोडं ब्लूज, जमलं तर रॉक. राहतो फ्लॅटमध्ये, आणि बरोबर खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. काय घेऊ?

पेठेतला_पक्या

२८ हजारांत गिब्सन? डोळे मिटून घ्या. आम्हाला पुढचा धागा वाचायला मिळेल.

फ्रेटवाला

पक्या, गप रे. गोदाकाठ, ती नागपूरची गिटार नकली आहे. फोटो न बघता सांगतो. गिब्सन आपल्या नावाच्या गिटारी फक्त अमेरिकेत बनवते आणि नवी लेस पॉल आपल्याकडे लाखाच्या खूप वर जाते. कोणी कितीही अडचणीत असला तरी ती २८ हजारांना काढणार नाही.

तरी खात्री करायची असेल तर हेडस्टॉकचा (खुंट्या असतात त्या टोकाचा) जवळून फोटो मागवा. तारांच्या मागे जी छोटी काळी पट्टी असते, ट्रस रॉडचं (गिटारीच्या मानेतल्या लोखंडी कांबीचं) झाकण, तिला किती स्क्रू आहेत ते मोजा. गिब्सनला दोन असतात. नकली मालात बऱ्याचदा तीन दिसतात. मागच्या बाजूला सीरियल नंबर आणि ‘मेड इन यूएसए’ लाकडात दाबून उमटवलेलं असतं. नुसतं रंगाने छापलेलं असेल तर रामराम.

गिब्सनसारखा आवाज हवा असेल तर एपिफोन बघा. ती गिब्सनच्याच मालकीची कंपनी आहे, १९५७ पासून. तिची लेस पॉल जुन्यात तुमच्या बजेटच्या आसपास बसू शकते.

गोदाकाठ

फोटो मागवला. तीन स्क्रू आहेत. विचारल्यावर मालक म्हणाला ‘लिमिटेड एडिशन आहे सर, म्हणून एक जास्त’.

पेठेतला_पक्या

एक स्क्रू फ्री! आता तर घ्याच.

मिनी_मावशी

आणि पैसे घ्यायला तो क्यूआर कोड पाठवेल, ‘हा स्कॅन करा म्हणजे बुकिंग होईल’. किंवा सैन्यात आहे, बदली झाली आहे असं सांगेल. माझ्या भाच्याने कीबोर्ड विकायला काढला तर त्यालाच उलटा कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणत होते. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही एवढं लक्षात ठेवा. गिटार हातात घेऊन, वाजवून, मगच पैसे.

तारसप्तक

गिब्सनचा विषय मिटला असेल तर मुद्द्यावर येऊ या. ब्रँडच्या आधी नेक, म्हणजे गिटारीची मान बघा. जुन्या गिटारीत बाकी सगळं कमी पैशांत बदलता येतं, खुंट्या, जॅक, तारांचा आवाज टिपणारे पिकअपसुद्धा. नेक पिळला असेल किंवा फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजून संपले असतील तर मात्र खर्च गिटारीच्या अंगावर जातो. सगळे फ्रेट बदलून घ्यायचे तर कारागीर सहज पाच-सात हजार सांगतो. १५ हजारांच्या गिटारीवर ते कोण करणार?

जाल तेव्हा असं बघा. गिटार बंदुकीसारखी डोळ्याजवळ धरून बॉडीच्या बाजूने हेडस्टॉककडे नजर टाका. नेकची एक कड वर आणि दुसरी खाली जाताना दिसली तर ती पिळलेली आहे, सोडून द्या. नुसती किंचित पुढे वाकलेली असेल तर हरकत नाही, ती ट्रस रॉडने सरळ होते. मग जाड ‘ई’ तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला जोडलाय तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. दोन-तीन कार्डं जात असतील तर ट्रस रॉड फिरतोय का ते विचारा. तो गच्च बसला असेल किंवा त्याचा नट झिजून ॲलन की गोल फिरत असेल तर व्यवहार नको.

फ्रेट: पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेले दिसतात, विशेषतः बारीक तारांखाली. नखाने चाचपून बघा. उथळ असतील तर घासून निघतात. मग प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक सूर वाजवा. कंटाळा येईल पण वाजवा. बाराव्या फ्रेटच्या पुढे तार वर ओढून बघा. सूर मध्येच मरत असेल तर फ्रेट वरखाली आहेत.

आणि फोनवरचा ट्यूनर न्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळले पाहिजेत. किंचित फरक सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते तो तुकडा) मागेपुढे करून जातो, फक्त सॅडलचे स्क्रू गंजलेले नकोत.

कोकणी_मासा

स्क्रू गंजलेले नकोत म्हणे. रत्नागिरीत या, न गंजलेला स्क्रू दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. इथे पावसाळ्यात नव्या तारासुद्धा महिनाभरात काळ्या पडतात. मी कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसतो आणि जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा ट्रस रॉड तपासून घेतो.

समुद्राजवळची जुनी गिटार घेताना ब्रिजचे (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाचे) बारीक स्क्रू खरोखर फिरवून बघा. फोटोत चकाकतात आणि ॲलन की लावली की डोकं सपाट होतं. ठाणे खाडीकाठी आहे हो गोदाकाठ!

डोंबिवली_फास्ट

माझं मत वेगळं आहे. जुनी घ्यायचीच कशाला? पॅसिफिका ०१२ नवी साधारण सतरा-अठरा हजारांत येते, बिल आणि वॉरंटीसकट. दुकानात जाऊन चार हाताळता येतात. धोबी तलावला फुर्ताडोजमध्ये एक चक्कर मारा, १८६५ पासूनचं दुकान आहे, नुसतं बघायलाही मजा येते. एवढ्या वर्षांनी परत सुरुवात करणाऱ्या माणसाने खड्डे मोजत फिरावं हे मला पटत नाही.

फ्रेटवाला

०१२ आणि ११२व्ही यांची तुलना होऊ शकत नाही. ११२व्हीला अल्डरची बॉडी आहे, अल्निको चुंबकांचे पिकअप आहेत आणि टोनचा नॉब वर ओढला की ब्रिजजवळचा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) अर्धा होऊन सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) होतो. त्यांना जुनं हिंदी, ब्लूज आणि रॉक तिन्ही हवंय. पुढचे दोन सिंगल कॉइल स्वच्छ वाजतात, मागचा हमबकर रॉकला चालतो. एकाच गिटारीत तिन्ही कामं होतात. नवी घ्यायला गेलात तर तीस हजारांच्या आसपास जाते. १९ म्हणतोय म्हणजे १७ ला देईल.

डोंबिवली_फास्ट

आणि नेक वाकडा निघाला तर?

फ्रेटवाला

म्हणून तर तारसप्तक यांनी एवढं लिहिलंय. वाचा की.

ओव्हरड्राइव्ह

स्क्वायरला कोणीच विचारेना म्हणून लिहितो. स्ट्रॅट ती स्ट्रॅट. १९५४ पासून आकार तोच आहे, कारण तो बरोबरच होता. बॉडी अंगाला बसते, वजनाला बरी आणि सुटे भाग हवे तिथे मिळतात. माझ्या मते शिकताना हीच घ्यावी.

दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, ॲफिनिटीची बॉडी नेहमीच्या स्ट्रॅटपेक्षा पातळ असते, त्यामुळे पुढे कधी ट्रेमोलोचा (दांडीने सूर हलवणाऱ्या ब्रिजचा) मोठा ब्लॉक बसवायची हौस आली तर तो मागून बाहेर येतो. दोन, सिंगल कॉइल गुणगुणणारच. सीरियल नंबर ‘आयसीएस’ने सुरू होत असेल तर ती इंडोनेशियात कोर्टच्या कारखान्यात बनलेली आहे. ‘जेव्ही’ने सुरू होत असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, कोणाला काही बोलू नका.

गोदाकाठ

आयसीएसच आहे. जेव्ही काय भानगड आहे?

तारसप्तक

स्क्वायर नावाने गिटारी विकायला फेंडरने १९८२ मध्ये जपानात सुरुवात केली. तेव्हाच्या पहिल्या खेपेचा नंबर जेव्हीने सुरू होतो. स्वस्त म्हणून काढल्या आणि इतक्या चांगल्या निघाल्या की आता हौशी लोक शोधत फिरतात. ओव्हरड्राइव्ह तुम्हाला कसे फसवणार होते ते कळलं ना?

ओव्हरड्राइव्ह

प्रयत्न करायला काय जातं!

निवांत_नाना

सगळे तरुण लोक बोलताहेत, मी म्हाताऱ्याने मध्ये तोंड घालू का? आमच्या काळात इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की हवाइयन. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातात लोखंडी कांडी. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या तबकड्या घरोघरी असत. पुढे १९६७ साली ब्रिजभूषण काब्रांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर जी तबकडी केली, ती ऐकून आमच्या चाळीतल्या दोघांनी सतार सोडून गिटार धरली. मी गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचो.

हे सांगण्याचं कारण, जुन्या वस्तूंमध्ये अजून कलकत्त्याच्या जुन्या गिटारी विकायला दिसतात, गिव्हसन वगैरे. त्यातल्या काही हवाइयनसाठी करून घेतलेल्या असतात. वरचा नट (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) उंच असतो आणि तारा बोर्डापासून एवढ्या वर की बोटाने दाबून वाजवताच येत नाही. फोटोत ते कळत नाही. ‘जुनी इलेक्ट्रिक गिटार, फक्त ५ हजार’ असं दिसलं तर आधी बाजूने फोटो मागवा.

मिनी_मावशी

नाना, तुम्ही वेगळा धागाच काढा. ऑर्केस्ट्राच्या आठवणी लिहा ना!

पेठेतला_पक्या

+१. गोदाकाठ यांच्या गिटारीचं काय ते नंतर बघू.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. इथल्या जुन्या पॅसिफिकाचा भाव सांगून जळवणार नाही, पण कोणाचा चुलतभाऊ वगैरे इकडून येणार असेल तर गिटार आणायला सांगायला हरकत नाही. पॅसिफिकाला किंवा स्ट्रॅटला स्वतःची वीज लागत नाही, त्यामुळे ती कुठल्याही देशात चालते. ॲम्प (गिटारीचा आवाज मोठा करणारा डबा) मात्र आणू नका. इथे ११० ते १२० व्होल्ट, तुमच्याकडे २३०. ओळखीच्या एकाने हौसेने इथला ॲम्प सामानात नेला, पुण्यात पोचल्यावर प्लग बदलला आणि थेट भिंतीत लावला. धूर बघायला घरातले सगळे जमले. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालतो, पण त्याचं ओझं आणि किंमत धरली तर काय उपयोग?

मिनी_मावशी

ॲम्पचं कोणीच बोललं नव्हतं म्हणून बरं झालं एडिसनकर. अहो गोदाकाठ, २५ हजारांत ‘सगळं’ म्हणालात ना? मग गिटारीला सतरा-अठराच्या वर जाऊच नका. ॲम्प, केबल, तारा, पट्टा, पिक आणि एक सेटअप, म्हणजे नेक, तारांची उंची वगैरे जुळवून घेणं. सेटअपला कारागीर हजार-दीड हजार घेतो आणि तेवढ्यात गिटार ओळखू येत नाही इतकी बदलते. मी आमच्या कॉलनीच्या बँडमध्ये वाजवते. १५ हजारांची गिटार नीट सेटअप केली की ४० हजारांच्या सेटअप न केलेल्या गिटारीपेक्षा हाताला बरी लागते.

आणि हात लहान असतील तर स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी बघा. स्ट्रॅट आणि पॅसिफिका साडेपंचवीस इंच, लेस पॉलच्या जातीच्या पावणेपंचवीस. पाऊण इंचाने काय होतं म्हणाल, पण पहिल्या फ्रेटवर बोटं ताणताना कळतं. मी दुकानात हे विचारलं तर समोरच्या मुलाने ‘मॅडम, मुलींसाठी गुलाबी रंगात आहे’ असं उत्तर दिलं. मी पन्नाशीची आहे.

पेठेतला_पक्या

गुलाबी घेतलीत का मग?

मिनी_मावशी

घेतली. सेल होता.

कोकणी_मासा

😂😂

गोदाकाठ

फ्लॅटसाठी ॲम्प कोणता? १०० वॉटचा जुना स्वस्तात मिळतोय.

तारसप्तक

सेक्रेटरींशी काही जुनं वैर आहे का? १० वॉटसुद्धा बेडरूममध्ये पुरून उरतात. हेडफोनचं भोक असलेला छोटा बघा. फेंडर फ्रंटमन १०जी, रोलंडचा मायक्रो क्यूब, ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ असे पुष्कळ जुने विकायला असतात. फ्लाय ३ तर बॅटरीवरही चालतो, आवाज तीनच वॉट.

जाताना ॲम्प सोबत न्या किंवा मालकाकडे आहे का विचारा. इलेक्ट्रिक गिटार ॲम्पशिवाय बघणं म्हणजे निम्मीच बघणं. पिकअप निवडायचा स्विच पाचही जागांवर फिरवा, नॉब फिरवताना खरखर येते का ऐका. खरखर घाबरण्यासारखी नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. जॅकमध्ये वायर हलवून बघा. आणि ११२व्हीचा टोन नॉब ओढून बघायला विसरू नका. मागच्या पिकअपवर असताना नॉब ओढला की आवाज बारीक आणि किंचित कमी झाला पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर आतलं काहीतरी तुटलंय. काम किरकोळ आहे, पण भाव पाडायला उपयोगी.

डोंबिवली_फास्ट

एक शंका. माझ्या मुलाच्या गिटारीतून सतत घूंऽऽ असा आवाज येतो, तारांना हात लावला की कमी होतो. गिटार खराब आहे का?

फ्रेटवाला

नाही. हात लावल्यावर कमी होतो म्हणजे तारांचं ग्राउंड जोडलेलं आहे, तसंच व्हायला हवं. हात लावल्यावर वाढत असेल तर वायरिंग बघून घ्या. आधी खोलीतला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघा, लॅपटॉपचा चार्जर काढा, गिटार घेऊन जागेवरच थोडं फिरून बघा. निम्मा आवाज तिथेच जातो.

पण एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. गिटार हातात असताना माइकला ओठ लागले आणि झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो पण अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच नसते. ॲम्पची तिसरी पिन काढून वापरणारे महाभाग पण असतात. ते कधीच करू नका.

निवांत_नाना

आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक गाताना मध्येच ‘आई गं’ म्हणायचा. लोकांना वाटायचं, गाण्यात भाव ओततोय.

ओव्हरड्राइव्ह

अवांतर: त्या स्क्वायरचा फ्रेटबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) कशाचा आहे? हल्लीच्या बऱ्याच गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ असं लिहिलेलं असतं.

कोकणी_मासा

म्हणजे आपला ऐन हो! आमच्या घराच्या तुळया ऐनाच्या आहेत. मला हे कळलं तेव्हा मी आजोबांना सांगितलं, ते म्हणाले मग गिटार कशाला आणलीस, वाशावरच तारा ओढायच्या होत्यास.

तारसप्तक

बरोबर. पूर्वी बहुतेक शिसवीचा असायचा. २०१७ च्या सुरुवातीपासून शिसवाच्या जातीच्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागायला लागले, म्हणून कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण स्वस्त गिटारींवर ऐन टिकला. वाजवायला मला काही फरक वाटत नाही. फक्त कोरडा पडला तर पांढुरका दिसतो, तारा बदलताना थोडं तेल द्यायचं.

ओव्हरड्राइव्ह

फरक वाटत नाही?? शिसवीचा आवाज उबदार असतो.

फ्रेटवाला

झालं सुरू. यावर वेगळा धागा काढा आणि तिथेच राहा दोघं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन्ही बघून आलो.

स्क्वायर आधी बघितली. नेक सरळ, फ्रेट जवळजवळ नवे, मुलाने फार वाजवलेली दिसत नाही. पण हातात घेऊन बसलो तेव्हा काही केल्या मन लागेना. आवाज चांगला होता, दोष काढता येणार नाही.

मग शनिवारी ठाण्याला गेलो. पॅसिफिकाचा मालक आयटीतला, ॲम्प त्याच्याकडे होता. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खड्डे आहेत, पण उथळ. ब्रिजचे स्क्रू सगळे फिरतात (कोकणी_मासा, नोंद घ्यावी). टोनचा नॉब ओढला तर आवाजात काहीच फरक नाही. मालकाला तो नॉब ओढता येतो हेच माहीत नव्हतं! जॅकही सैल. १७,५०० ला झाली. कारागिराने फ्रेट घासून सेटअप केला आणि नॉबमागची सुटलेली वायर जोडली, १,२०० घेतले. १० वॉटचा जुना ॲम्प ५,००० ला मिळाला, मग केबल, तारा, पट्टा. एकूण २५,७०० झाले. वरचे ७०० घरी सांगितलेले नाहीत.

फ्रेटवाला

अभिनंदन! १७ ला मिळाली असती.

मिनी_मावशी

रंग कोणता?

गोदाकाठ

काळा. गुलाबी नव्हती हो.

पेठेतला_पक्या

वहिनी हा धागा वाचत नाहीत ना?

डोंबिवली_फास्ट

गोदाकाठ, ती नाशकातली स्क्वायर अजून आहे का? मुलाला माझीही वाजवायला लागते आणि घरात भांडणं होताहेत. १५ चे १३ होतील का? त्या मुलाचा नंबर व्यनि करा.

ओव्हरड्राइव्ह

ओ काका, ‘जुनी घ्यायचीच कशाला’ म्हणणारे तुम्हीच ना? रांगेत माझ्या मागे.